काकूंना मोकोरोत बसवणाऱ्या माउनच्या गाइडना

दुमेला रा (नमस्कार),

बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या पाण्यातून आणि मकगडीकगडीच्या मिठाच्या मैदानांतून तुम्ही आमच्या ज्येष्ठांच्या गटाला सुखरूप फिरवून आणलंत. माउनच्या विमानतळावर निरोप घेताना जे बोलायला हवं होतं ते कुणालाच बोलता आलं नाही, गळाच दाटून आला. म्हणून हे पत्र. इंग्रजी प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत हे उघडपणे लिहितो आहोत, कारण आईवडिलांना अशा सहलीला पाठवणाऱ्यांनी आणि सहली आखणाऱ्यांनीही ते वाचावं. चांगला गाइड नेमकं काय करतो, हे त्यांनाही कळू दे.

सगळ्यात आधी मोकोरोबद्दल.

मोकोरो म्हणजे साधारण सहा मीटर लांबीची अरुंद होडी. पूर्वी ती मोठ्या झाडाचा बुंधा कोरून करत, आता बहुतेक फायबरग्लासची असते, त्यामुळे जुनी झाडं वाचतात. तिचा काठ पाण्याच्या जेमतेम वीतभर वर असतो. दोन माणसं तळाशी पाय लांब करून बसतात आणि पोलर मागे उभा राहून न्गाशीनं, म्हणजे लांब काठीनं, होडी ढकलत नेतो. चालत्या मोकोरोत भीती वाटण्यासारखं फार काही नसतं. खरी अडचण बसताना आणि उठताना येते. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना जवळजवळ जमिनीच्या पातळीवर बसायचं असतं, तेही डुगडुगणाऱ्या गोष्टीत. उंच आसन दिलं तर वजन वर जातं आणि होडी कलंडते. काठावर पाय पडला तरीही कलंडते. त्यामुळे बरेच लोक सोपा मार्ग काढतात आणि वयस्कर माणसाला किनाऱ्यावरच बसवून ठेवतात.

तुम्ही तसं केलं नाहीत. आधी न्गाशीनं तळ चाचपून पाहिलात, आजूबाजूचं पाणी बराच वेळ न्याहाळलंत आणि मग स्वतः गुडघाभर पाण्यात उतरलात. होडीचं तोंड वाळूवर चांगलं वर ओढून घेतलंत, मागचा भाग दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरलात. तळाशी चार बोटं जाडीची घडी घातलेली चादर ठेवलीत, त्याहून जास्त उंची नको म्हणालात. सत्तरी ओलांडलेल्या काकूंचा दंड तुम्ही धरला नाहीत. स्वतःचा हात आडवा पुढे केलात आणि त्यांनी तो धरेपर्यंत थांबलात. पहिलं पाऊल होडीच्या बरोबर मध्यरेषेवर, मग दुसरं, मग दोन्ही हात टेकून हळूहळू खाली. परत येतानाही तोच क्रम उलटा: होडी इतकी वर ओढलीत की तिचा तळ वाळूवर टेकला आणि हलायची सोयच उरली नाही. मग काकूंनी कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं आणि तुमच्या खांद्यावर भार देऊन उठायचं.

पण आभार मानायचे आहेत ते या सगळ्याच्या आधी तुम्ही जे केलंत त्याचे. काकू किनाऱ्यावर घुटमळताना दिसताच तुम्ही बाकीच्या मोकोरोंना पुढे पाठवलंत. लव्हाळ्याच्या देठांना चिकटलेले नखाएवढे बेडूक दाखवा, असं पोलरांना सांगितलंत. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. काकूंची धडपड बघायला तिथे कुणीही उरलं नाही. तुम्ही हे मुद्दाम केलंत, हे आम्हाला संध्याकाळी काकूंकडून कळलं. त्या सांगताना रडत होत्या. पडायची भीती त्यांना फारशी नव्हतीच. चारचौघांसमोर उचलून बसवतील याचाच धसका होता, आणि तो त्यांनी कुणापाशी बोलून दाखवला नव्हता. तुम्ही मात्र तो ओळखलात.

हे लिहिताना आधीचा अनुभव आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा दुसऱ्या एका कंपनीनं पैसे घेताना ‘सर्व वयोगटांसाठी’ असं सांगितलं होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र चार ज्येष्ठांना ‘तुमच्या वयाला हे झेपणार नाही’ असं सगळ्यांदेखत सुनावून सावली नसलेल्या खुर्च्यांवर बसवून ठेवलं. चादर नाही, हात नाही, साधी विचारपूसही नाही. त्याच मंडळींच्या चालकानं पुढे मिठाच्या मैदानावर काय केलं, ते खाली येईलच.

पाणी आणि मीठ यांचं नातं तुम्ही ज्या रीतीनं समजावलंत, तसं आजवर कुणी समजावलं नव्हतं. अंगोलाच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात पडलेलं पाणी इतक्या सपाट प्रदेशातून सरकतं की ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात पसरायला त्याला महिने लागतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट या कोरड्या, थंड महिन्यांत, आभाळात एक ढग नसताना, ओकावांगोला पूर येतो. हे पाणी समुद्राला मिळत नाही. बहुतेक सगळं झाडं पितात किंवा हवेत उडून जातं. मग ते खारं का होत नाही? तुम्ही आम्हाला एका बेटाच्या मधोमध नेलंत. कडेला दाट झाडी आणि मध्ये पांढरी, उघडी जमीन. कडेची झाडं मुळांनी पाणी ओढून घेतात, क्षार मागे राहतात आणि बेटाच्या पोटात साठत जातात. अशी असंख्य बेटं मीठ पोटात ठेवून घेतात म्हणून भोवतालचं पाणी गोडं राहतं. त्यातली कित्येक बेटं वाळवीच्या वारुळापासून सुरू झालेली असतात, हेही तुम्ही तिथल्याच वारुळावर हात ठेवून दाखवलंत. आणि मग म्हणालात की, उरलंसुरलं पाणी बोटेटी नदीनं मकगडीकगडीकडे जातं, तिथे एके काळी प्रचंड सरोवर होतं, ते आटलं आणि मीठ उघड्यावर राहिलं. पुढचे सगळे दिवस आम्ही याच एका धाग्याला धरून पाहत गेलो.

वाटेत पशुवैद्यकीय नाक्यावर बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात. आमच्यातले काही जण कुरकुरले. तुम्ही रागावला नाहीत. गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे, हे शांतपणे सांगितलंत. त्याच ओघात कुंपणांची दुसरी बाजूही सांगितलीत: १९६८ साली उभारलेल्या एका कुंपणामुळे झेब्र्यांची ओकावांगोहून मकगडीकगडीला जायची वाट तुटली, २००४ साली ते काढलं आणि काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेनं चालू लागले. ती वाट आधी चाललेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असणं शक्य नव्हतं. हे ऐकल्यावर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता मिठाच्या मैदानाबद्दल, कारण इथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. वरचा पापुद्रा वाळून खडखडीत दिसतो, पण खाली राखाडी, चिकट चिखल असतो. ऑगस्टसारख्या कोरड्या महिन्यातही मैदानाच्या मध्यभागी ओल टिकून राहू शकते. पापुद्रा फुटला की गाडी थेट आसापर्यंत खाली जाते. लेखुबूला, म्हणजे मैदानातल्या खडकाळ बेटाला, जाताना तुम्ही सरळ मधून न जाता काठाकाठानं लांबचा रस्ता धरलात. जमीन गडद दिसली की थांबून उतरत होतात, टाचेनं दाबून आणि फावड्यानं पापुद्रा फोडून पाहत होतात, आणि मगच गाडी पुढे. आधीच्या चाकांच्या वाटेवरून एकदाही बाहेर पडला नाहीत. त्या वाटेनं वजन पेललेलं असतं हे एक कारण. दुसरं तुम्ही सांगितलंत ते असं की, नव्या चाकांचे व्रण या मैदानावर वर्षानुवर्षं राहतात.

आधीच्या कंपनीचा चालक एप्रिलमध्ये, पावसाळा नुकताच सरलेला असताना, फोटोसाठी वाट सोडून मध्ये गेला होता. गाडी रुतली आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे जोरात ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरून आणखी खोल गेली. जॅक होता, पण त्याखाली ठेवायला फळी नव्हती, म्हणून जॅकच चिखलात गेला. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढायचं यंत्र, होती, पण तिचा दोर बांधायला मैलभर झाड नव्हतं. सोबत दुसरी गाडी नव्हती. वयस्कर माणसं उन्हं उतरेपर्यंत तिथे बसून होती. कंपनीचं नंतरचं उत्तर होतं, ‘निसर्गापुढे इलाज नाही.’

इलाज असतो, तो तुम्ही आम्हाला करून दाखवलात, तोही गाडी रुतलेली नसताना. रुतल्याचं जाणवताच थांबायचं, चाक फिरवायचं नाही. टायरमधली हवा कमी करायची. वाळूत आणि अशा जमिनीवर ३२ ते ३५ पीएसआयवरून २० च्या आसपास आणली की टायर पसरतो आणि भार वाटला जातो. प्रत्येक चाकासमोरचा आणि गाडीच्या पोटाखालचा चिखल काढायचा. जॅक नेहमी रुंद फळीवर. चाकाला पकड मिळावी म्हणून त्याखाली वाळूत वापरायच्या कडक पट्ट्या घालायच्या आणि पुढे नाही, ज्या चाकोरीतून आलो तिच्यातूनच मागे यायचं. विंचसाठी काहीच नसेल तर स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला दोर बांधायचा. डांबरी रस्ता लागला की कॉम्प्रेसरनं हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, तेही एका टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये.

उंच गवतातून गेल्यावर प्रत्येक वेळी तुम्ही गाडीखाली आडवे होऊन सायलेन्सरवर अडकलेलं गवत काढत होतात, आणि रेडिएटरसमोरची जाळी झाडत होतात. गवताचं बी रेडिएटरमध्ये बसलं की इंजिन तापतं, तापलेल्या सायलेन्सरवर गवत साठलं की गाडी पेट घेते. थंडीत पहाटे, उघड्या गाडीत, स्वतःचे हात काकडलेले असतानाही हे काम तुम्ही कधी टाळलं नाहीत. आम्हाला मात्र गरम पाण्याच्या पिशव्या आधीच मांडीवर दिलेल्या असत.

लेखुबूच्या खडकांवर, त्या थोराड बाओबाब झाडांखाली, तुम्ही दगडावरचा पांढरट थर दाखवलात. सरोवर होतं तेव्हाच्या पाणपक्ष्यांच्या विष्ठेचा तो थर आहे, हे सांगून एवढंच म्हणालात की इथे चढू नका, स्थानिकांसाठी ही जागा पवित्र आहे. कुणीही चढलं नाही. गेले सगळे दिवस तुम्ही आम्हाला ज्या मानानं वागवलंत, त्यानंतर तुमचा शब्द मोडावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. परक्या देशातल्या, परक्या भाषेच्या म्हाताऱ्या माणसांशी असं वागायला कुठल्याही करारानं बांधलेलं नसतं. तुम्ही वागलात, आणि त्यासाठी वेगळं काही मागितलं नाहीत.

तुमच्या कंपनीला आम्ही वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात तुमच्या कामाचं सगळं तपशिलानं नमूद केलं आहे. तुमच्याबरोबरच्या पोलरांनाही आमचे आभार पोचवा, विशेषतः ज्यांनी तुमचा एक शब्द ऐकताच बाकीच्या मोकोरो पुढे नेल्या त्यांना. पुढच्या ऑगस्टमध्ये आमच्याकडून आणखी काही ज्येष्ठ येत आहेत. त्यातल्या दोघांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि एका काकांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, त्यांना गाडीत तुमच्या बोलण्याकडे डावा कान येईल अशी जागा द्यावी. दोघांच्या डॉक्टरांच्या सूचना आणि सगळ्यांच्या औषधांची यादी निघण्याआधी महिनाभर तुमच्याकडे पोचेल.

आपले ऋणी,
काकू आणि आम्ही सगळे