काखेतलं हेल्मेट

कोच,

मैदानावर तुमचे हात धरून मी नुसतं 'थँक यू' म्हणाले आणि मला रडूच फुटलं. पोटातलं पोटातच राहिलं. म्हणून आता माझ्या भाषेत लिहितेय. लेक वाचून दाखवेल तुम्हाला.

त्या शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात, शेवटच्या म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये माझा मुलगा आपटला, बाहेर आला, हेल्मेट काढून दोन घोट पाणी प्यायला आणि "मी बरा आहे" म्हणत परत निघाला. तुम्ही त्याच्या डोळ्यांत एकदा पाहिलंत, हातातलं हेल्मेट काढून घेतलंत आणि डाव्या काखेत धरलंत. हेल्मेटशिवाय आत जाता येत नाही. तो दोनदा मागायला आला, दोन्ही वेळा तुम्ही नुसती मान हलवलीत. आपण सहा गुणांनी मागे होतो. पाऊस लागला होता. सामना संपला, आपण हरलो, तरी हेल्मेट काखेतच. मग कुंपणापाशी येऊन ते माझ्या हातात दिलंत. "आज हे तुमच्याकडे राहू दे. रात्री त्याच्याजवळ कुणीतरी थांबा." आतलं अस्तर अजून ओलं होतं.

हायस्कूलमध्ये असाच मार लागला होता, तेव्हा तिथल्या कोचने पाठीवर थाप मारून त्याला पुन्हा आत पाठवलं होतं. त्या रात्री जेवताना पोराने मला तीनदा विचारलं, "आई, आज वार कोणता?" मेंदूला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं, असा कायदा अमेरिकेतल्या या आपल्या मिनेसोटा राज्यात २०११ पासून आहे. शाळेने उलट आम्हालाच समजावलं, की खेळात हे चालायचंच. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही फुटबॉल कोच जॉन गलार्डींचं नाव घेतलं होतंत. इथलेच, कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्सचे. १९५३ ते २०१२ त्या एकाच छोट्या कॉलेजात राहिले, कारकिर्दीत ४८९ सामने जिंकले, कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त. आणि सरावात कुणी कुणाला आडवं पाडायचं नाही, हा त्यांचा नियम. मला ते पटलं नव्हतं. न पाडता पोरं शिकणार कशी? आता पटलंय.

आपलं कॉलेज खेळतं त्या डिव्हिजन थ्री गटात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, नाव होत नाही. तुम्हाला सकाळी मैदानावर स्वतः पांढरे पट्टे मारताना पाहिलंय मी. जिंकताना चांगलं वागणारे पुष्कळ भेटतात, कोच. हरत असताना, हुकमी खेळाडू शेजारी उभा असताना, चांगलं वागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसून होते. हेल्मेट खुर्चीखाली. सकाळी डोळे उघडून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून म्हणाला, "आई, आज रविवार."

तुमच्या संघातल्या एका पोराची आई