‘म्युच्युअल’ करण्याआधी अटींचे पान वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घटस्फोट घ्यायचाच तर परस्पर संमतीने घ्यावा, असा सल्ला आपल्या कायदेविषयक सदरात वाचला. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. मी नोकरीभर वकिलांकडे टायपिंग केले, असे अर्ज कितीतरी हातून गेले, म्हणून लिहिते.

हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब १९७६ साली आले. दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्याआधी वर्षभर वेगळे राहिलेले हवे. (एका घरात राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तरी ते वेगळे राहणेच, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती सांगायची. ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि येणारा जो तो ‘लवकर उरकेल ना?’ एवढेच विचारू लागला.

या घाईत अटींचे पान कच्चे राहते. एका अर्जात मुलाच्या भेटी ‘सोयीनुसार’ होत्या. मी हात थांबवून अर्ज करणाऱ्या बायकोला विचारले, "सोय कोणाची गं?" ती वकीलसाहेबांकडे बघायला लागली. मग शाळेच्या सुट्ट्या कशा वाटायच्या, आणायला कोण, सोडायला कोण, हे लिहिता लिहिता दुपार गेली. स्त्रीधनाची यादी निघाली तेव्हा तर दोघांचे आवाज चढले. संमती नुसती वेगळे होण्याला होती, बाकी कशालाच नव्हती!

शिवाय घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निकाल) होईपर्यंत एकाला संमती काढून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ सालीच सांगितले आहे. तेव्हा पोटगीचा दावा आधीच मागे घ्यायचा की शेवटच्या तारखेला, रक्कम कधी हातात पडणार, हे वकिलाला ठासून विचारावे.

दुसरी वाट कलम १३ ची, एकट्याने अर्ज करण्याची. तिथे क्रूरता, दोन वर्षांचा त्याग (म्हणजे जोडीदाराने सोडून जाणे) असे कारण सिद्ध करावे लागते. ‘पटत नाही’ म्हणून भागत नाही. मग जुन्या अर्जातला मजकूर उचलला जातो. ‘हट्टी व संशयी स्वभावाची’ हा परिच्छेद मी किती बायकांच्या नावावर टाइप केला असेल, देव जाणे. उलटतपासणीत त्यातली एकेक ओळ बाहेर निघते. खरे घडलेले चार प्रसंग तारखांसकट लिहिलेले बरे.

पण एकट्याने अर्ज करणारी बाई भांडकुदळ, हा समज मला मान्य नाही. नवरा मारतो, खर्चाला देत नाही, वर सहीसाठी अडवून धरतो, तिला ‘सामोपचाराने घे’ सांगणे म्हणजे त्याच्याच मर्जीवर सोडणे. ती आता राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते, कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागू शकते. पुढे तडजोड झाली तर तेच प्रकरण संमतीने मिटवता येते.

आपल्या सदरात अटींच्या पानाचा नमुना एकदा छापावा, ही विनंती. भेटीच्या वेळा, रकमेच्या तारखा, दागिने, घराचे कर्ज कोण फेडणार, असे रकाने रिकामे ठेवून. नवरा-बायकोने समोरासमोर बसून ते भरून पाहावेत. निम्मेही भरले नाहीत, तर कुठला अर्ज करायचा ते त्यांना तिथेच कळेल.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका