पितळेच्या भावात पिस्टन विकू नका

महोदय,

वडिलांनी सुरू केलेला लग्नाचा बँड मी सहा वर्षांपूर्वी बंद केला. आता साताऱ्यात घरीच जुन्या कॉर्नेट-युफोनियमसारख्या पितळी फुंकवाद्यांचे पोचे काढतो, झाळून देतो, जमेल तसे सुटे भाग विकतो.

मागच्या महिन्यात एका भंगारवाल्याकडे गोणीभर पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबायचे वाद्यातले दट्टे, दिसले. कुठल्याशा मोडलेल्या बँडचे असावेत. भोंगे चेपून पलीकडे ढिगात टाकलेले. "पितळेचा भाव द्या आणि हवं ते उचला," म्हणाला. दोन तास मांडी घालून बसलो, पण तीन पिस्टनचा एक संच काही जुळला नाही.

पिस्टन ज्याच्या त्याच्या नळकांड्यात घासून बसवलेला असतो. त्याच कंपनीचा दुसरा घातला तर एक तर अडकतो, नाहीतर हवा सोडतो. शिवाय तिन्हींची भोकं वेगळी. १, २, ३ हे आकडे न पाहता बसवले की फुंक पुढे जातच नाही. असं "बिघडलेलं" वाद्य घेऊन पोरं येतात, तेव्हा मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

मी स्वतःही फसलोय. मोबाइलवर 'बूझी कॉर्नेट, पिस्टन नं. २' अशी जाहिरात होती (बूझी ही जुनी विलायती कंपनी), चादरीवर ठेवून काढलेला फोटो. घरी आला तो नळकांड्याच्या तोंडाशीच अडला. विकणारा म्हणतो, "काका, फोटो बघूनच घेतलात ना?" आता फोटोत व्यास कसा दिसणार? कॅलिपर लावून मिलिमीटर लिहायला त्याला कितीसा वेळ लागला असता!

वाद्य कुठलं, हे त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. नुसतं 'बूझी अँड कंपनी' असेल तर ते १९३० च्या आधीचं. त्या साली हॉक्स या दुसऱ्या कंपनीशी एकी झाली आणि पुढच्या वाद्यांवर दोन्ही नावं आली. 'बेसन' या कंपनीच्या जुन्या वाद्यांवर लंडनचा '१९८, यूस्टन रोड' हा पत्ता सापडतो. वाद्याचा नंबर बहुतेक वेळा मधल्या नळकांड्यावर असतो. काजळी आधी मऊ फडक्याने पुसा. चकाकी आणायला पॉलिशच्या चाकावर धरलंत की नंबरही गेला आणि नावही.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती सुट्या वाकड्या नळ्यांची. जुन्या विलायती बँडांचा सूर आजच्यापेक्षा चढा असे. तो उतरवता यावा म्हणून काही वाद्यांसोबत जास्त लांबीची एक नळी येई. पेटीत ती वेगळी पडलेली असते, म्हणून घरच्यांना फुटकळ वाटते. आमच्या बँडात कॅसिओ आला तेव्हा वडिलांचं कॉर्नेट काही केल्या त्याच्याशी जुळेना. नळी बाहेर ओढून ओढून शेवटी हातात आली! त्याची जोडीची लांब नळी आजीने कधीच बोहारणीला दिली होती.

घरात, तालमीत, मंडळाच्या माळ्यावर अशी वाद्यं असतील त्यांनी विकावीत, जरूर विकावीत. फक्त पिस्टन नळकांड्यातच राहू द्या. टोप्या, स्प्रिंगा, नळ्या एका पिशवीत बांधा आणि चिठ्ठीवर वाद्याचा नंबर लिहून आत टाका. त्या गोणीतले पिस्टन असे बांधलेले असते तर मी पितळेच्या तिप्पट भावाने घेतले असते.

— एक जुना कॉर्नेटवाला, सातारा