नियतकालिक कोणाच्या मालकीचे?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

संशोधनपत्रिका वाचकांना मोफत मिळाव्यात की नाहीत, हा वाद आता विद्यापीठांच्या भिंतींबाहेर पडून वृत्तपत्रांच्या स्तंभांतही होऊ लागला आहे, याचे मला समाधान वाटते. सामाजिक शास्त्रे शिकवण्यात आणि त्या विषयांतील लेखांचे छापण्यापूर्वी परीक्षण करण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. तेवढ्या अनुभवावरून मला असे वाटते, की या वादात किमतीच्या प्रश्नाखाली एक जुना आणि अधिक अवघड प्रश्न झाकला जातो: ही नियतकालिके आणि ग्रंथमाला कोणाच्या मालकीच्या आहेत, आणि तो मालक उद्या त्या कोणाला विकू शकतो का? सामाजिक शास्त्रांच्या वाढीत स्वतंत्र प्रकाशनसंस्थांचा वाटा किती, याचे उत्तर मला तरी या प्रश्नापासूनच शोधावे लागते.

‘स्वतंत्र’ या शब्दाने फार गोंधळ होतो. कोणी त्याचा अर्थ ‘लहान’ असा घेतो, कोणी ‘ना-नफा’, तर कोणी ‘सरकारी अनुदान न घेणारा’. माझ्या मते ज्या संस्थेत कोणते पुस्तक छापायचे आणि कोणते नियतकालिक तोट्यात असूनही चालू ठेवायचे हा निर्णय त्या विषयाची जाण असलेली माणसे घेतात आणि त्यांना दर तिमाहीला भागधारकांसमोर हिशेब मांडावा लागत नाही, ती संस्था स्वतंत्र. अशी संस्था नफा कमावणारीही असू शकते. तिला वाट पाहता आली पाहिजे, एवढीच अट. नव्या विषयाला वाचक मिळायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेवढा धीर धरणे प्रत्येक मालकाला परवडत नाही.

या शास्त्रांचा आरंभच अशा धीराच्या मालकीतून झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १८९८ मध्ये ‘लानी सोसिओलॉजिक’ हे वार्षिक सुरू केले, तेव्हा समाजशास्त्र हा विषय म्हणून पुरता मान्यही झालेला नव्हता. त्या वार्षिकाच्या पानांवरच त्याची हद्द आखली गेली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे भांडवलशाही आणि प्रोटेस्टंट धर्मनीती यांविषयीचे विवेचन १९०४ आणि १९०५ मध्ये दोन हप्त्यांत ज्या जर्मन नियतकालिकात आले, ते एडगर याफे या अर्थशास्त्रज्ञाने विकत घेतलेले होते आणि याफे, वेबर व वेर्नर झोम्बार्ट हे तिघे मिळून ते संपादित करत होते. मालक स्वतः अभ्यासक असल्यामुळे पानांची फारशी काटकसर न करता एवढा प्रदीर्घ लेख छापला गेला, असा माझा तर्क आहे. ते नियतकालिक १९३३ मध्ये बंद पडले. त्या वर्षी जर्मनीत काय घडले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

अलीकडच्या काळातील उदाहरण म्हणून सेज या प्रकाशनसंस्थेकडे पाहता येईल. १९६५ मध्ये सारा मिलर मॅक्यून या चोविशीतल्या तरुणीने ती न्यूयॉर्कमध्ये सुरू केली आणि तिचे पहिले नियतकालिक होते नागरी प्रश्नांविषयीचे. शहरांचा अभ्यास तेव्हा अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या तिघांच्या सीमेवर होता आणि तिन्ही विभागांना तो थोडा परका वाटत असे. मला त्या संस्थेचे मोठेपण दिसते ते मात्र संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत. १९७६ पासून तिने संख्यात्मक पद्धतींवरच्या हिरव्या वेष्टनातील छोट्या पुस्तिकांची माला काढली. प्रत्येक पुस्तिका सुमारे शंभर पानांची, एकाच तंत्रावर, आणि गणिताची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यालाही झेपेल अशी. पद्धतीवरच्या पुस्तकांना पुरस्कार मिळत नाहीत आणि वृत्तपत्रांत त्यांची परीक्षणेही येत नाहीत. पण सर्वेक्षणाची प्रश्नावली कशी रचावी, नमुना कसा निवडावा, प्रतिगमनाच्या (एका घटकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध मोजण्याच्या तंत्राच्या) निष्कर्षावर किती विसंबावे, हे अभ्यासकांच्या एका पिढीने अशा पुस्तिकांतून शिकून घेतले. पुढे १९९४ मध्ये गुणात्मक संशोधनाचा भलाथोरला संदर्भग्रंथ याच संस्थेने काढला. मुलाखती आणि क्षेत्रनिरीक्षण यांवर आधारलेल्या कामाकडे ‘हे काही खरे शास्त्र नव्हे’ अशा नजरेने पाहणारे विभाग तेव्हा कमी नव्हते. त्या कामाला प्रतिष्ठा मिळण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. २०२१ मध्ये मॅक्यून यांनी संस्थेतील मताधिकाराचे समभाग एका स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे सोपवले, जेणेकरून त्यांच्यानंतर ती संस्था कोणा मोठ्या समूहाच्या घशात जाऊ नये. किमतीच्या चर्चेत या घटनेला स्थान मिळत नाही. मला ती गेल्या दशकातल्या कोणत्याही मुक्त-प्रवेश (म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचू देण्याच्या) जाहीरनाम्यापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

हे विश्वस्त मंडळ कशासाठी लागले, याचे उत्तर आकड्यांत आहे. १९७३ ते २०१३ या काळातील शोधनिबंधांची मोजदाद करून माँट्रियलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अखेरच्या वर्षी जगातील निम्म्याहून अधिक निबंध पाच प्रकाशनसमूहांच्या हाती असल्याचे दिसले. सर्वांत अधिक केंद्रीकरण सामाजिक शास्त्रांत होते: सुमारे ७० टक्के. (त्या शास्त्रांच्या पाच समूहांत खुद्द सेजही आहे. स्वतंत्र संस्था वाढली की तिचे काय होते, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनीही विचारायला हवा.) हे केंद्रीकरण मुख्यतः विकत घेण्यातून झाले. राउटलेज १९९८ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसकडे गेली, ब्लॅकवेल २००७ मध्ये वायलीत विलीन झाली. वेष्टनावरची जुनी नावे टिकली म्हणून आपल्याला फरक जाणवला नाही, इतकेच.

अभ्यासकांना तो खऱ्या अर्थाने जाणवला २०१६ मध्ये. सोशल सायन्स रिसर्च नेटवर्क हे प्रकाशनपूर्व मसुद्यांचे भांडार १९९४ पासून चालू होते आणि अर्थशास्त्र व विधी या विषयांतला नवा निबंध आधी तिथे ठेवायचा, ही रीतच पडली होती. मसुदे लेखकांचे होते, श्रम लेखकांचे होते, आणि ते भांडार आपल्या सर्वांचे आहे असा एक गोड समज होता. त्या वर्षी एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसमूहाने ते विकत घेतले, तेव्हा ते कायद्याने कधीच आपले नव्हते हे उमगले. त्याच वर्षी काही समाजशास्त्रज्ञांनी सोसआर्काइव्ह हे पर्यायी भांडार उभे केले. शहाणपण उशिरा सुचले खरे, तरी सुचले.

मोफत वाचनाने हे दुखणे बरे होईल, असे मानणाऱ्यांनी लेखकाकडून शुल्क घेण्याच्या पद्धतीकडे नीट पाहावे. वर्गणीच्या काळात प्रकाशकाला चांगले अंक काढून ग्रंथालये टिकवावी लागत. लेखशुल्काच्या पद्धतीत प्रत्येक स्वीकारलेला लेख हे उत्पन्न आणि प्रत्येक नाकारलेला लेख हा खर्च ठरतो. वैद्यक किंवा अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेला निदान संशोधन-अनुदानातून हे शुल्क भरता येते. एकट्याने खेड्यात वर्षभर राहून क्षेत्रकार्य करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने ते कोठून आणावे? २०२३ मध्ये वायलीने ‘जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी’च्या संस्थापक संपादकांना दूर केले, तेव्हा लेखांची संख्या वाढवण्याचा आग्रह हाही कलहाचा विषय असल्याचे संपादक मंडळातील अभ्यासकांनी उघडपणे सांगितले. त्या विषयातले अनेक लेखक-परीक्षक बाहेर पडले आणि ‘पोलिटिकल फिलॉसॉफी’ हे नवे नियतकालिक ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज या ना-नफा संस्थेच्या आधाराने २०२४ मध्ये निघाले. नाव नवे घ्यावे लागले, कारण जुने नाव प्रकाशकाच्या मालकीचे होते.

माझाही एक अनुभव सांगतो. एका नियतकालिकासाठी मी सुमारे बारा वर्षे विनामोबदला परीक्षण केले. ते एका मोठ्या समूहाने घेतल्यानंतर जुन्या अंकांभोवती शुल्काची भिंत उभी राहिली आणि निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रवेश संपल्यावर माझा स्वतःचा लेख मला विकत घ्यावा लागेल, असे पडद्यावर झळकले. रागापेक्षा हसूच आले. करारावर सही माझीच होती आणि ती मी न वाचता केली होती.

आता दुसरी बाजू. मालक ना-नफा आहे म्हणून तो कोणापुढे वाकणार नाही, असेही नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ‘द चायना क्वार्टर्ली’तील तीनशेहून अधिक लेख आणि पुस्तकपरीक्षणे चीनमधील वाचकांसाठी बंद केली. विषय अपेक्षित तेच होते: तिआनानमेन, तिबेट, तैवान, सांस्कृतिक क्रांती. अभ्यासकांनी जाहीर निषेध केला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. त्याच वर्षी स्प्रिंगर नेचर या व्यापारी समूहानेही तेथे काही लेख रोखल्याचे मान्य केले, पण ते पाऊल स्थानिक नियमांमुळे आवश्यक होते, असे म्हणत त्याचे समर्थनच केले. दोन्हीकडे चिनी अधिकाऱ्यांचा दबाव सारखाच होता. विद्यापीठाच्या मुद्रणालयाला मात्र आपले लेखक आणि आपले विद्यापीठ यांना तोंड द्यावे लागले. ज्या शास्त्राचा विषयच सत्ता, जात, वंश, धर्म आणि संपत्ती हा आहे, त्या शास्त्राच्या प्रकाशकाला असे कोणापुढे तरी उत्तर द्यावे लागणे फार गरजेचे आहे.

स्वातंत्र्य म्हणजे गुणवत्ता, असा दावा मी करणार नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही स्वतःला स्वतंत्रच म्हणवतात. सेजलाही २०१४ मध्ये कंपनशास्त्राच्या एका नियतकालिकातील ६० लेख एकदम मागे घ्यावे लागले होते, कारण बनावट नावांनी परीक्षण करणारी टोळीच तेथे उघडकीस आली. परीक्षण कडक ठेवणे हे संपादकांचे काम आहे. मालकी केवळ त्यांना ते करू देते किंवा देत नाही.

शुल्क लेखकाकडूनही नाही आणि वाचकाकडूनही नाही, अशा रीतीने चालणाऱ्या नियतकालिकांची संख्या जगात १७,००० ते २९,००० असावी, असा अंदाज २०२१ च्या एका युरोपीय अभ्यासाने मांडला, आणि त्यांतली बहुसंख्य मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतली आहेत. लॅटिन अमेरिकेत तर ही रीत रुळलेली आहे. ब्राझीलमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेल्या सायेलो या उपक्रमातून तेथील संशोधन स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये, म्हणजे ज्या लोकांविषयी ते आहे त्यांच्या भाषांत, उपलब्ध राहते. इंग्रजी नियतकालिकांच्या मानांकनामागे धावणाऱ्या विद्यापीठांनी हे पाहावे. तरीही ही नियतकालिके बहुधा दोन-चार अध्यापकांच्या रात्रीच्या वेळेवर चालतात. संपादक आजारी पडला की अंक लांबतो आणि निवृत्त झाला की कधी कधी नियतकालिकच संपते. त्यांना एका पगारी कार्यकारी संपादकाचा आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या संग्रहव्यवस्थेचा खर्च मिळाला, तरी पुष्कळ होईल. ग्रंथालये मोठ्या समूहांच्या एकत्रित वर्गणीवर जो पैसा घालवतात, त्याचा लहानसा हिस्सा यासाठी वळवता येण्यासारखा आहे.

अभ्यासमंडळांनी आणि विद्वत्सभांनी लगेच करण्यासारखे एक काम आहे. प्रकाशकाशी करार करताना नियतकालिकाचे नाव, जुन्या अंकांचे हक्क आणि संपादक नेमण्याचा अधिकार आपल्याकडे राहील, असे कलम त्यात घालून घ्यावे. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेकडे ‘कल्चरल अँथ्रोपॉलॉजी’ची मालकी होती, म्हणून २०१४ पासून ते सर्वांना मोफत खुले करता आले आणि नावही बदलावे लागले नाही. ज्यांच्या करारांची मुदत येत्या वर्षा-दोन वर्षांत संपते आहे, त्यांनी ते कागद आजच काढून वाचावेत. मी माझे वेळेवर वाचले नव्हते.

आपला नम्र,
सामाजिक शास्त्रांचा एक निवृत्त अध्यापक