एक कोयता, दोन नावं

ती. आई आणि दादा,
साष्टांग नमस्कार.

दादा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

दिवाळीत पत्र्याची पेटी आवरताना तुमची लाल डायरी हाताला लागली. न विचारता वाचली, माफ करा. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे, पण फोनवर जमत नाही.

यंदा मुकादम ऊसतोडीची आगाऊ उचल द्यायला आला आणि तुम्ही घेतली नाहीत. २८ हंगामांनंतर पहिल्यांदाच. गावातल्या गाड्या सांगलीकडं निघाल्या तेव्हा दादा वेशीपर्यंत सोडायला गेले आणि आई ओट्यावर कितीतरी वेळ नुसती बसून होती, असं आजीनं सांगितलं. अजूनही तुम्हा दोघांना पहाटे तीनलाच जाग येते म्हणे.

मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. लहानपणी मला याचा फार राग यायचा. आई अंधारात उठून आपल्या कोपीच्या झोपडीपुढं भाकरी थापायची. मग दिवसभर फडात तुमच्या मागं. तुम्ही ऊस तोडायचा, तिनं मोळी बांधायची. उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्याला पीळ देऊन ती असा करकचून आवळायची की ट्रकवर टाकली तरी मोळी सुटायची नाही. मग तीच मोळी डोक्यावर घेऊन हलत्या फळीवरून वर चढायचं. रात्री-बेरात्री गाडी आली तरी भरायला दोघंही उभे. आणि उचलीच्या कागदावर सही फक्त दादांची. आईचं नाव कुठंच नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पण दादा, तुमच्या डायरीत दर पानावर दोन रकाने आहेत. एकावर तुमचं नाव, दुसऱ्यावर आईचं. तुम्ही आईला जन्मात नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, आणि इथं तिचं पूर्ण नाव, चौथी शिकलेल्या माणसाच्या गोल गोल अक्षरात. जेवढे टन भरले त्याची बरोबर निम्मी निम्मी वाटणी. मधेच एखादी ओळ. 'हिला ताप. मोळ्या मी वाहिल्या.' त्या दिवशीचे टनही तुम्ही निम्मे तिच्याच नावावर मांडलेत.

आई, तुला हे माहीत होतं का गं? तुला वाचता येत नाही म्हणून विचारते.

२०१२चं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं ओटीपोट दुखायचं, अंगावरून जायचं. हंगाम संपून, पट्टा पडून गावी आल्यावर तालुक्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका. मुकादम लगेच म्हणाला, पैसे मी देतो, पुढच्या उचलीत धरू. त्याचा फायदाच होता. बाई आजारी पडली की अख्ख्या कोयत्याचा खाडा. दादा, तुम्ही पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आईला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलंत. डायरीत एवढंच आहे, 'पिशवी चांगली हाय म्हणले. गोळ्या दिल्या. येताना हिला उसाचा रस नको वाटला, चहा घेतला.'

मी आता नर्स आहे, त्यामुळं त्या दोन ओळींचं मोल मला कळतं. २०१९ मध्ये सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. किती तरी जणी तिशीच्या आसपासच्या. चाळिशीच्या आतच कंबर गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायका माझ्या वॉर्डात येतात. त्यांच्या उशाशी बसले की मला ती एसटी आठवते.

आणखी एक आठवतं. मी पाच-सहा वर्षांची असेन. कोपीत चिमणी मिणमिणत होती. आईच्या मानेत उसाची कुसं शिरली होती. तुम्ही तिच्या मागं बसून गोडेतेलाच्या बोटानं एकेक कूस काढत होतात. स्वतःचे हात भेगाळलेले. कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात आईला बसल्या बसल्या झोप लागली, आणि ती जागी होऊ नये म्हणून तुम्ही तसेच बसून राहिलात. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

मी भोगीला येते. २८ वर्षांत तुमची एकही संक्रांत घरी झाली नाही. आईसाठी साडी घेतली आहे. यंदा तिनं गावातल्या बायकांबरोबर देवळात ववसायला जायचं. बाजरीच्या भाकरी मी थापेन, तीळ लावून. आणि दादा, डायरीची काही पानं कोरी राहिली आहेत. आईला तिचं नाव गिरवायला तेवढी पुरतील.

तुमची,
ताई