जप्त वहीची पावती तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या गावभागात माझे बुक बाइंडिंगचे छोटे दुकान आहे. वकिलांच्या फायली, सोसायट्यांच्या खतावण्या, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, देवळांची पावतीपुस्तके असे काम चालते. चाळीस वर्षांत किती वह्या शिवल्या याचा हिशोब नाही. त्यातल्या चार वह्यांसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा भाचा तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. बांधावरच्या भांडणात एका माणसाचा जीव गेला आणि फिर्यादीतल्या नावांत भाच्याचेही नाव आले. जो गेला त्याच्याही घरात म्हातारी आई आहे, लेकरे आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द जाणार नाही. भाचा तीन वर्षे दोन महिने कच्चा कैदी म्हणून आत होता, मग कोर्टाने त्याला निर्दोष सोडले. अटक झाली तेव्हा त्याची मुलगी पाच महिन्यांची होती.

ते कारागृह आमच्या जिल्ह्यातले नाही. त्याचे नाव मी देत नाही, कारण तिथेही भली माणसे भेटली. भाचा तापाने फणफणला होता तेव्हा एका शिपायाने आपल्या डब्यातली भाकरी त्याला दिली होती. माझी तक्रार कुणा एकावर नाही, पद्धतीवर आहे.

पहिल्या मुलाखतीला जाळीपलीकडून त्याने मागितले काय, तर वही. म्हणाला, ‘मामा, पोरगी मोठी होईल तेव्हा मी कोण होतो हे तिला कळायला पाहिजे. डोक्यात ठेवलं तर राहणार नाही.’ मी दुकानातली चांगली जाड पुठ्ठ्याची वही घेऊन गेलो. ती गेटवरूनच परत आली. पुठ्ठ्याच्या दोन थरांत ब्लेड लपवता येते, स्टेपलची पिन चालत नाही, स्पायरलची तार तर नाहीच नाही. मला ते पटले. घरी येऊन मी वेगळी वही बांधली. आठ जुज, म्हणजे घडी घालून एकत्र शिवायचे पानांचे गठ्ठे, प्रत्येक जुजाची सोळा पाने, सगळी सुती दोऱ्याने शिवलेली. वर पातळ खाकी कागद, आत काही लपवावे म्हटले तरी जागा नाही. मागचा कणा उघडाच ठेवला, म्हणजे तपासणाऱ्याला दोरा दिसावा. शेवटी नंबरिंग मशीनने १ ते १२८ आकडे मारले. एखादे पान फाडून कुणाला चिठ्ठी पाठवली तर लगेच कळेल. अर्ज केला, साहेबांनी वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परवानगी दिली. अशा चार वह्या मी त्याला दिल्या.

पहिली वही भरली तेव्हा रीतसर तपासून, शिक्का मारून बाहेर आली. ती माझ्याकडे आहे. बॉलपेनची रिफील संपत आल्यावर अक्षर कसे फिके होत जाते ते तिच्यात दिसते. समाससुद्धा सोडलेला नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी कुठे ठेवायची, ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर दावण्या रोगाला कसे भ्यायचे, बेदाण्याच्या शेडमध्ये रात्री जाळीच्या रॅकखाली झोपले की अंगाला कसला वास येतो, हे सगळे पाच महिन्यांच्या मुलीला समजावून सांगितले आहे. एके ठिकाणी नुसते एवढेच आहे: ‘आज तू एक वर्षाची झालीस. तुझ्या आईनं जाळीतून तुझा तळवा दाखवला. चप्पल नव्हती. चपलेचा नंबर विचारायचा राहिला.’

दुसरी, तिसरी आणि चौथी वही गेली.

कुठल्या तरी बराकीत मोबाइल सापडला आणि सगळीकडे झडती झाली. झडती घ्यायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. सगळ्यांना बाहेर जोडीजोडीने उकिडवे बसवले, अंथरुणे झाडली आणि लिहिलेला जो जो कागद हाती लागला तो गोणीत भरला. पोथी गेली, बायकोची पत्रे गेली, वह्या गेल्या. भाच्याने विचारले तर उत्तर आले, ‘वरून ऑर्डर आहे.’ ऑर्डर कुणाची, कशाबद्दल, परत कधी मिळणार, हे आजतागायत कुणी सांगितलेले नाही. त्या वह्यांत नुसत्या आठवणी नव्हत्या. तिसऱ्या वहीत भांडणाच्या दिवसाची हकीगत होती. कोण कुठे उभे होते, आधी कोण धावले, हे त्याने वकिलांना द्यायला नीट आठवून लिहिले होते. उलटतपासणीच्या वेळी वकील ती मागत होते आणि आमच्याकडे नव्हती.

सुटकेच्या दिवशी मी गेटवर होतो. आतून एक रजिस्टर आले. त्यात ओळीने नोंद: शर्ट एक, पट्टा एक, मनगटी घड्याळ एक, पाकीट एक, रोख रुपये ३४०. भाच्याने सही केली आणि सगळे मोजून मिळाले, घड्याळ बंद पडलेले असले तरी मिळाले. तीन वर्षांपूर्वीच्या तीनशे चाळीस रुपयांचा हिशोब चोख होता. वह्यांची ओळ कुठेच नव्हती. पुढे माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर ‘अशी नोंद आढळून येत नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले. खरेच असेल ते. नोंद केलीच नाही तर आढळणार कुठून?

मी कायदा शिकलेला नाही. पण वकिलांची पुस्तके बांधता बांधता माणूस चार पाने वाचतो. त्यात मला एक निकाल सापडला आणि तो चक्क मराठी पुस्तकाचा आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू द्या, एवढेच मागणे. सरकार नाही म्हणाले. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, तरी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली तिथेही हरले. सरकारचे म्हणणे होते की नियमांत जेवढी सवलत लिहिली तेवढीच स्थानबद्धाला मिळणार. न्यायालयाने ते मानले नाही. नियमाने जे काढून घेतलेले नाही ते त्या माणसाकडे शिल्लक राहते आणि पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई करणारा नियमच नव्हता. हा निकाल लागून साठ वर्षे झाली. आमच्या वकीलसाहेबांनाही मी दाखवला तेव्हाच तो आठवला.

पुढे तिहारमधल्या सुनील बात्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून चालवले गेले आणि १९७९ साली त्यावर निकाल झाला. त्या वेळी ते पत्र झडतीतल्या गोणीत गेले असते तर? मला हा विचार पुन्हा पुन्हा येतो. आतल्या माणसाजवळ अन्यायाविरुद्ध दुसरे असते तरी काय, एक कागद आणि एक रिफील.

टिळकांचे उदाहरण माझ्या धंद्यातलेच आहे. मंडालेत त्यांना सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत आणि शाईऐवजी पेन्सिल. म्हणजे मी भाच्यासाठी जी युक्ती केली ती इंग्रजांनी आधीच केली होती. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले तेव्हा त्यांच्या वह्या सरकारच्या ताब्यात राहिल्या. लोक काळजीत पडले. टिळक म्हणाले, सगळे डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. पण वह्या परत आल्या आणि १९१५ साली ‘गीतारहस्य’ छापून झाले. ज्यांनी त्यांना राजद्रोही ठरवून सहा वर्षे डांबले त्यांनीही वह्या फेकल्या नाहीत. माझा भाचा टिळक नाही. तीन वह्यांतला मजकूर पुन्हा लिहिण्याइतका तो आता डोक्याने शांतही नाही. दोनदा वही उघडून बसला आणि दोन्ही वेळा मिटली.

सांगलीकरांना तुरुंग परका नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार इथल्याच तुरुंगातून निसटले, त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण दिले. दरवर्षी आपण हार घालतो. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली हे शाळेतले पोरही सांगते. मग कुणी म्हणेल, ते देशभक्त होते, हे गुन्हेगार, यांचे कसले लाड? मला हे तोंडावर ऐकवले आहे, तेही नात्यातल्यांनी. माझे उत्तर एवढेच की भाचा दोषी ठरला असता तरी ती वही त्याचीच होती. शिक्षा कोर्ट देते, ती कोंडून ठेवण्याची असते. मुलीला लिहिलेले काढून घ्या असे कुठल्याही निकालपत्रात मी वाचलेले नाही, आणि मी निकालपत्रे पुष्कळ शिवली आहेत.

जेलच्या लोकांची अडचण मी नाकारत नाही. चिठ्ठीतून साक्षीदाराला धमकी जाते, टोळ्यांचे निरोप फिरतात, हे खरे आहे. म्हणून वही वाचू नका असे मी म्हणत नाही. वाचा, पान न् पान वाचा. धोक्याचे काही सापडले तर ठेवून घ्या. पण ठेवून घेताना लिहून द्या: इतक्या वह्या, इतकी पाने, या कारणासाठी, या तारखेला, सही कुणाची. कारण उरले नाही की परत करा, आणि काही झाले तरी सुटकेच्या दिवशी घड्याळ-पाकिटाबरोबर द्या. वकिलासाठी लिहिलेले कागद तर गोणीत जाताच कामा नयेत.

यात नवीन काही मागणे नाही. बाहेर पोलिसांनी एखादी वस्तू जप्त केली तर यादी होते, पंचांच्या सह्या होतात. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे व्हिडिओ चित्रणही करायचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांच्या वागणुकीचे जे मंडेला नियम केले, त्यातला ६७ वा सांगतो की कैद्याला जवळ ठेवू दिले जात नाही ते सुरक्षित ठेवावे, यादीवर त्याची सही घ्यावी आणि सुटताना परत द्यावे. आपल्याकडे पाकिटाला हे लागू होते, वहीला होत नाही.

गृहखात्याने एक परिपत्रक काढावे. पावती छापायला खर्च किती, हे मला कुणी सांगायला नको, तो माझा धंदा आहे. राज्यातल्या ज्या कारागृहाला हवी असतील त्याला पहिली शंभर पावतीपुस्तके मी फुकट बांधून देतो. नंबर घातलेली, मध्ये परफोरेशन मारलेली, पांढरी प्रत कैद्याला, गुलाबी कार्यालयात. पिना वापरणार नाही, दोऱ्यानेच शिवीन. कागद मी आणून ठेवला आहे.

आपला,
एक बुकबाइंडर,
गावभाग, सांगली

(भाच्याच्या मुलीला शाळेत त्रास होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)