सहलीच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ माणसांसाठी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या पुरवणीत परदेश सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. दहा दिवस, सात शहरे, रोज भारतीय जेवण आणि सोबत मराठी सहल व्यवस्थापक. सोय चोख असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण दादर स्थानकाच्या पुलावर धक्का लागल्यावर जेवढे बोलणे होते, तेवढेही या दहा दिवसांत तिथल्या कुणाशी होत नाही. जे होते ते हॉटेलच्या काउंटरवर, गरम पाण्याच्या किटलीसाठी. मग ‘तिकडचे लोक फार तुटक’ असा शेरा घेऊन मंडळी परततात. परदेशात ओळखी नशिबाने होतात, हा समज सोडून द्यावा. व्हिसाप्रमाणे त्या मुंबईतूनच जुळवाव्या लागतात.

अनेक शहरांत स्थानिक स्वयंसेवक पाहुण्यांना आपली वस्ती पायी फिरून दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली ‘बिग ॲपल ग्रीटर’ सुरू झाले आणि त्याच धर्तीवर पुढे पॅरिससह कितीतरी शहरांत अशी मंडळे उभी राहिली. महिनाभर आधी अर्ज करावा. सोबत सहापेक्षा जास्त माणसे नसावीत. हे काम विनामूल्य असते आणि टिप देऊ केली तर समोरचा अवघडतो. जपानमध्ये ‘गुडविल गाइड’ मंडळे आहेत, तर हॅनोईत महाविद्यालयीन मुले इंग्रजीच्या सरावासाठी शहर दाखवतात. या दोन्ही ठिकाणी सोबत येणाऱ्याचे प्रवासभाडे, प्रवेशशुल्क आणि जेवण आपल्याकडे, एवढाच व्यवहार. अर्जात ‘प्रेक्षणीय स्थळे पाहायची आहेत’ असे लिहिले की छापील उत्तर येते. त्याऐवजी ‘भाजीबाजार कसा चालतो ते पाहायचे आहे’ किंवा ‘आम्ही निवृत्त शिक्षक आहोत, गुडघे दुखतात, दोन तास चालू’ असे लिहावे. मग जोडीला योग्य माणूस मिळतो. बिघडते ते आपल्याच सवयीमुळे. सहा जणांचा अर्ज आणि ऐनवेळी अकरा जण हजर, तेही अर्धा तास उशिरा. समोरचा आपली सुट्टी मोडून आलेला असतो.

पॅरिसच्या दुकानदारांबद्दलची तक्रार तर पिढीजात आहे. कारण एका शब्दाचे आहे. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकताच, वस्तूला हात लावण्याआधी, ‘बोंझूर’ (नमस्कार) म्हणायचे असते आणि निघताना ‘मेर्सी, ओ रव्वार’ (धन्यवाद, येतो). ते न म्हणता थेट ‘हाऊ मच?’ विचारणे म्हणजे कुणाच्या घरात शिरून फ्रीज उघडण्यासारखे. बोंझूरनंतर तोच दुकानदार मोडक्या इंग्रजीत का होईना, बोलू लागतो.

उझबेकिस्तानात सगळा संवाद चहातून होतो. यजमान किटलीतला चहा पियाल्यात ओततो, पुन्हा किटलीत परततो. असे तीनदा झाले की मग पाहुण्याला देतो, आणि तोही पियाला जेमतेम तळ झाकेल इतकाच भरून. आपल्याला वाटते, कटिंगवर बोळवण केली. तिथे याचा अर्थ उलटा आहे. थोडा चहा म्हणजे पियाला पुन्हा पुन्हा भरायला मिळावा, पाहुण्याने बसावे. काठोकाठ भरलेला पियाला आला की निघायची वेळ झाली समजावे. भाकरीसारखी गोल रोटी असते, ती हाताने मोडायची आणि पालथी कधी ठेवायची नाही. बोलायला विषय लागलाच तर लालबहादूर शास्त्रींचा काढावा. ११ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन ताश्कंदमध्ये झाले आणि तिथे त्यांच्या नावाचा रस्ता व पुतळा आहे. वयस्क माणूस असेल तर राज कपूर पुरेसा आहे.

भेटवस्तूंबाबत मात्र हातून खरोखर चुका होतात. दिवाळीचा फराळ दुबईला नेताना अनारसे आणि करंज्या घरीच ठेवाव्यात. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि अनारशाची एक बाजू तिनेच माखलेली असते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फी बाद. न्यूझीलंडमध्ये जोखमीचा खाद्यपदार्थ न सांगता नेला तर जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. फ्रान्समध्ये घरी बोलावले तर फुले न्यावीत, पण शेवंती नको. आपल्याकडे ती देवाला वाहतात, तिथे थडग्यावर. जपानमध्ये चार नगांचा संच टाळावा, कारण चारचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. तिथे महाग वस्तूही देऊ नये. परतफेड करण्याची रीत असल्याने घेणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होते. खणाच्या कापडाचे छोटे पाकीट किंवा वारली चित्राची कापडी पिशवी, असे सहा नग नेले तर वजनही होत नाही आणि कस्टम्सवाला काही विचारत नाही.

मॉरिशसचे उदाहरण मुंबईकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण तिथे जाऊन किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधून परत येणारेच जास्त. १८३४ पासून भारतातले गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, पोर्ट लुई या बंदराला उतरू लागले. ती जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या मजुरांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आज क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली बोलली जाते, पण आरत्या मराठीच आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. त्या दिवसांत गेलात तर विसर्जनाच्या मिरवणुकीत सामील व्हायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. फक्त आपला लाडका प्रश्न, ‘आडनाव काय? मूळ गाव कुठले?’, तिथे लगेच विचारू नये. अनेक घराण्यांत आलेल्या पूर्वजाचे पहिले नावच पुढे आडनाव झाले आणि गाव कागदांत राहिले. गिरमिटियांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. घरातल्या कुणाला शोध घ्यायचा असेल तर ते आपणहून विषय काढतात.

ओळख टिकवण्याचा भाग सोपा आहे आणि तोच बहुतेक जण विसरतात. व्हॉट्सॲप सगळीकडे चालते असे नाही. जपानमध्ये ‘लाइन’, कोरियात ‘काकाओटॉक’, व्हिएतनाममध्ये ‘झालो’ (Zalo), चीनमध्ये ‘वीचॅट’ ही ॲप चालतात. ही खाती मुंबईतच उघडावीत, कारण पडताळणीचा ओटीपी इथल्या क्रमांकावर येतो आणि तिथे सिम बदललेले असते. भाषांतराच्या ॲपमध्ये त्या देशाची भाषा आधीच उतरवून घ्यावी आणि छोटी वाक्ये बोलावीत. काढलेले फोटो छापून पाठवायचे असतील तर समोरच्याकडून पत्ता त्याच्याच लिपीत लिहून घ्यावा, त्याचा फोटो काढावा आणि इथे तोच छापून पाकिटावर चिकटवावा. खाली देशाचे नाव तेवढे ठळक इंग्रजीत. आपले पोस्ट देश वाचते, तिकडचा पोस्टमन बाकीचे.

आणि सावधगिरीची खूण एकच. आपण कुणाला थांबवले तर सहसा धोका नसतो. प्रसिद्ध स्थळाबाहेर अस्खलित इंग्रजीत जो आपल्याला थांबवतो, त्याला नमस्कार करून पुढे चालावे. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर ‘आज बंद आहे’ सांगणारा रत्नांच्या दुकानात नेतो, शांघायचा ‘विद्यार्थी’ चहा दाखवायला आणि इस्तंबूलचा नवा मित्र बारमध्ये. बिल आले की मैत्री संपते. चीनमध्ये कुणाच्या घरी मुक्काम केला तर २४ तासांच्या आत पोलिसांत नोंदणी करावी लागते, हेही यजमानाला आधी विचारून घ्यावे.

सहल कंपन्यांना विनंती एवढीच, की कार्यक्रमात खरेदीच्या थांब्यासाठी राखलेल्या तासांपैकी दोन तास सोडावेत आणि एखाद्या संध्याकाळी बस हॉटेलवर न नेता बाजारात उभी करावी. आपणही पुरवणीतल्या सहलींच्या तक्त्यात किंमत, दिवस आणि जेवण यांच्या शेजारी ‘मोकळ्या संध्याकाळी किती’ असा एक रकाना छापावा.

आपला,
एक निवृत्त सहल व्यवस्थापक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई